पिकअपचा मागचा स्टॅबिलायझर बार आणि हौद्यातली माणसं

(हलक्या मालवाहू गाड्यांवरील चालक व मेकॅनिक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला जो विषय दिला आहे तो एका लोखंडी दांड्याचा आहे. पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलला बाहेरून आणून बसवायचा स्टॅबिलायझर बार. कोणी त्याला अँटी-रोल बार म्हणतं, गॅरेजात नुसतं 'दांडा टाकला' म्हणतात. हा विषय मेकॅनिकचा आहे, संघटनेच्या वर्गात कशाला, असं काहींना वाटलं असेल. तासाभरात ते कळेल. मी पस्तीस वर्षं गाडीखाली पडून काम केलं आहे, तेव्हा कायद्याच्या आधी बोल्टवरच बोलणार.

उदाहरण मी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं घेणार आहे, कारण गेली काही वर्षं माझं तंजावर, पापनाशम, पट्टुकोट्टै या भागात जाणं-येणं आहे. आपल्याकडचा माणूस तंजावरला गेला की त्याला बृहदीश्वराच्या देवळातला सरफोजी राजांचा १८०३ सालचा मराठी शिलालेख दाखवायला नेतात. तो पाहावाच, मीही पाहिला. पण कालव्याकाठची गॅरेजं दाखवायला कोणी नेत नाही, ती आपली आपण शोधावी लागतात. त्या गॅरेजात मला जे दिसलं तेच सांगली, मिरज, जतच्या गॅरेजात दिसतं. टाटाच्या २००५ साली आलेल्या छोट्या गाडीला आपण 'छोटा हत्ती' म्हणतो, ते लोक 'कुट्टी यानै' म्हणतात, म्हणजे छोटा हत्तीच. भाषा बदलली तरी हत्तीच्या पाठीवरचं ओझं बदलत नाही.

आधी त्या प्रदेशाची ठेवण समजून घ्या. कल्लणै म्हणजे ग्रँड अनिकट. तिथे कावेरीचं पाणी फुटतं आणि कावेरी, वेण्णार, कोळ्ळिडम आणि १९३४ चा ग्रँड अनिकट कालवा अशा वाटांनी पसरतं. पुढे त्यांचे फाटे, फाट्यांचे पाट. जमीन सपाट. घाट नाही, चढ नाही. म्हणून आपल्याला वाटतं तिथे गाडी कशाला उलटेल? आपल्या डोक्यात गाडी उलटणं म्हणजे घाटाचं वळण. पण तिथले गावाकडचे रस्ते हे बहुतेक कालव्याच्या भरावावरून जातात. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भाताचं शेत, तेही रस्त्यापेक्षा खाली. डांबर एका गाडीपुरतं. समोरून बस आली की डावी चाकं मातीच्या कडेवर उतरवायची. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, कडेची चिकणमाती लोण्यासारखी. डावं मागचं चाक वीतभर खचलं आणि वर उंच माल असला की गाडी पाण्यात. तिथे दरी लागत नाही. दहा फूट रुंदीचा पाट पुरतो, कारण हौद्यातली माणसं खाली येतात आणि वरून गाडी येते.

आता माल कोणता? मेट्टूर धरणाची दारं उघडायची ठरलेली तारीख १२ जून, धरणात पाणी असेल तर. मग कुरुवै, त्यानंतर सांबा आणि ताळडी. हंगामाच्या तोंडाला रोपांच्या जुड्या आणि रोपणी करणाऱ्या बायका. कापणी यंत्राने होते, पण धान्य खरेदी केंद्रावर न्यायचं ते पोत्यात, चाळीस किलोचं पोतं. पंचवीस पोती म्हणजे टन. तिरुवैयारूकडे केळीचे घड, पट्टुकोट्टैकडे नारळ. कापणीनंतर पेंढा. पेंढ्याचे गठ्ठे जनावरांसाठी पार केरळपर्यंत जातात. पेंढ्याचं वजन कमी, पण उंची केबिनच्या वर पुरुषभर जाते. नारळ आणि भात जड, पेंढा उंच, आणि माणसं जडही आणि उंचही. हे तिन्ही लक्षात ठेवा, पुढे हिशेबात लागणार आहेत.

या गाड्या डोलतात. नव्या असताना कमी, दोन हंगामांनंतर जास्त. ड्रायव्हर गॅरेजात येतो आणि म्हणतो, वळणावर गाडी अंगावर येते. मग गॅरेजवाला सांगतो, मागे बार टाकू. तर हा बार करतो काय?

स्प्रिंग स्टीलचा दांडा, दोन्ही टोकं काटकोनात वळवलेली, इंग्रजी यू अक्षरासारखा. मधला भाग अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला दोन रबरी बुश आणि क्लॅम्पने धरलेला, आणि दोन्ही हात लहान लिंकने वर चेसिसला जोडलेले. काही बनावटींत उलट असतं, मधला भाग चेसिसला आणि हात अ‍ॅक्सलला. काम तेच. दोन्ही चाकं एकदम वर आली, समजा गतिरोधक आला, तर बार बुशात नुसता फिरतो, काहीही करत नाही. पण गाडी एका अंगाला कलली, म्हणजे एका बाजूचे पाटे दबले आणि दुसऱ्या बाजूचे सुटले, तर बारचा एक हात वर जातो, दुसरा खाली, आणि मधला दांडा पिळला जातो. त्याला पिळवटून घ्यायचं नसतं, म्हणून तो गाडीला परत सरळ करायला बघतो. बार म्हणजे एवढंच.

आणि म्हणूनच बार वजन उचलत नाही. हे वाक्य मी तिथल्या प्रत्येक गॅरेजात दुभाष्याकडून दोनदा सांगायला लावतो. दोन्ही अंगांना सारखा माल भरला तर बारवर जोर शून्य. सगळं ओझं पाट्यांवर, अ‍ॅक्सलवर, टायरवर आणि ब्रेकवर, जसं होतं तसं. बार टाकल्याने एक पोतंसुद्धा जास्त भरायची परवानगी गाडीला मिळत नाही.

दांड्याची जाडी किती हा प्रश्न नेहमी येतो. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २५ चा दांडा टाकला तर जाडी सव्वापट, पण ताठपणा जवळजवळ अडीचपट. म्हणून 'थोडा जाड टाक' असं म्हणणं म्हणजे आमटीत थोडं मीठ जास्त टाक म्हणण्याइतकं सोपं नाही. गाडीच्या मॉडेलसाठी जो संच बनला आहे तोच घ्यायचा.

आता फायदा किती, ते आकड्यात पाहू. समजण्यापुरते आकडे धरतो. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर. पेंढा रचलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. वळणाची त्रिज्या ४० मीटर, सपाट रस्ता. गाडी अजिबात कललीच नाही असं धरलं तर ती ताशी ५० किलोमीटरच्या आसपास उलटण्याच्या टोकाला येते. पण गाडी कलते. वरचं ओझं दहा अंश कललं तर ते बाहेरच्या चाकाकडे सोळा सेंटिमीटर सरकतं, आणि उलटण्याचा वेग ५० वरून ४४ वर येतो. आता बार टाकला आणि कलणं दहा अंशांवरून सहावर आलं. वेग होतो ४७. म्हणजे बारने आपल्याला दिले किती? ताशी तीन किलोमीटर.

आता दुसरा हिशेब. बार टाकलाच नाही. त्याऐवजी पेंढ्याचा वरचा थर काढला आणि गुरुत्वमध्य फक्त वीस सेंटिमीटर खाली आणला. कलणं तेच दहा अंश धरलं, खरं तर तेही कमी होईल. वेग होतो जवळजवळ ५०. एक थर कमी केल्याने जे मिळालं ते बारने दिलं त्याच्या दुप्पट, आणि बोल्टही आवळावा लागला नाही. आणि माल केबिनच्या खाली ठेवून गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर आणला तर, कलणं न धरता, तोच आकडा ६७ वर जातो. हे गणित कुठल्याही आयटीआयच्या मुलाला करता येतं. ते गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

तर मग बार टाकूच नये का? नाही, मी तसं म्हणत नाही. ज्या गाडीवर कायम उंच पण हलका माल असतो, केळीचे घड, कोंबड्यांची खुराडी, पेंढा, त्या गाडीला चांगला बार उपयोगी आहे. हेलकावा कमी होतो, कडेवरून चाक पुन्हा डांबरावर घेताना जो झोल बसतो तो आटोक्यात राहतो, ड्रायव्हरच्या खांद्यांना दिवसाअखेर आराम पडतो. पण बार टाकण्याआधी बाकीच्या गोष्टी बघा. माझ्याकडे 'गाडी डोलते' म्हणून आलेल्या गाड्यांत पुष्कळांचे शॅकलचे बुश गेलेले असतात, शॉक अ‍ॅब्झॉर्बरमधून तेल गळालेलं असतं, नाहीतर टायरमध्ये हवा कमी असते. एखादा पाटा आतल्या बाजूला मोडलेला असतो आणि चिखलामुळे दिसत नाही. पाणी मारून, वायर ब्रशने घासून बघितल्याशिवाय नवीन सामान आणू नका. रोगी सस्पेन्शनला बार लावणं म्हणजे मोडक्या पायाला बूट चढवणं.

बसवायची पद्धत सांगतो. गाडी सपाट जागी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मागून उचलल्यावर अ‍ॅक्सलखाली पक्के स्टँड. जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जायचं नाही, तो पोरगा असो की उस्ताद. त्या भागातली कित्येक गॅरेजं उघड्या मातीवर आहेत. तिथे स्टँडखाली जाड फळी टाकली नाही तर स्टँड रुतून कलतो.

नंतर हाउसिंगवर काय काय चाललं आहे ते हात फिरवून बघा. ब्रेकचा पाइप कुठून जातो, हँडब्रेकची केबल कुठे आहे, सायलेन्सर, स्टेपनी. क्लॅम्पखाली ब्रेकचा पाइप चेपला तर त्याच दिवशी कळत नाही, महिन्याने कळतो, आणि तेही ब्रेक मारल्यावर. पुष्कळ पिकअपांना मागच्या अ‍ॅक्सलवरून चेसिसकडे जाणारी एक लहान दांडी असते, ती ओझ्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हची. गाडी खाली बसली की व्हॉल्व्ह समजतो ओझं आहे, मागे जोर वाढवतो. बार त्या दांडीला घासता कामा नये. जाता जाता सांगतो, जे लोक बारऐवजी जादा पाटा घालतात त्यांचा इथे घात होतो. जादा पाट्यामुळे गाडी भरली तरी खाली बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि दोन टन ओझ्यावर मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा मिळतो. बारमध्ये हा दोष नाही, कारण दोन्ही चाकं एकदम दबताना बार आडवा येत नाही. एवढ्यापुरता बार पाट्यापेक्षा शहाणा.

हाउसिंगला किंवा चेसिसला वेल्डिंग करायचं नाही. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, सगळा ताण तिथेच असतो, तडा तिथूनच सुरू होतो. संचात क्लॅम्प असतात, तेच वापरा. भंगारातला दुसऱ्या गाडीचा बार आणून, कापून, मापात जोडणारे कारागीर मी तिथे पाहिले आणि इथेही पाहिले. हात चांगला असेल, पण स्प्रिंग स्टीलला वेल्डिंगची आच लागली की त्याला दिलेलं पाणी उतरतं. तो दांडा आज ना उद्या त्याच जोडाशेजारी मोडतो, आणि मोडतो तो नेमका वळणावर, कारण त्याच्यावर जोर येतो तोच वळणावर.

बोल्ट आधी हाताने घट्ट, मग पान्याने टेकेपर्यंत. शेवटचा जोर गाडी चाकांवर उतरवून, दोन-चारदा दाबून, पाटे आपल्या जागी बसल्यावरच द्यायचा. गाडी हवेत असताना लिंकचे रबर बुश आवळले तर ते कायम पिळलेल्या स्थितीत राहतात आणि लवकर फाटतात. गाडी चाकांवर असताना बारचे हात साधारण आडवे आणि लिंक उभी दिसली पाहिजे. मग एका मागच्या चाकाखाली सहा इंचाचा ठोकळा घालून गाडी त्यावर चढवा आणि खाली बॅटरी मारून बघा, कुठे लागतं का. मग दुसरं चाक. किती जोर द्यायचा तो आकडा संचाच्या कागदावर असतो. टॉर्क रेंच नाही म्हणून कागद फेकू नका, चार गॅरेजांत मिळून एक रेंच घ्या. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासायचे. खालून टक-टक आवाज आला की बहुतेक लिंकचा बुश गेला.

आता जे कोणी सांगत नाही ते. मागे बार टाकला की रिकामी गाडी बदलते. पिकअप रिकामी असताना तिच्या मागच्या चाकांवर वजन थोडं असतं. वळणावर बार आतल्या चाकाचं वजन काढून बाहेरच्या चाकावर टाकतो. आतल्या चाकाची पकड जेवढी जाते तेवढी बाहेरच्याची वाढत नाही, रबराचा स्वभावच तसा. परिणाम, ओल्या रस्त्यावर मागचा भाग लवकर सुटतो. पूर्वी तीच गाडी पुढून सरळ जायला बघायची आणि ड्रायव्हर वेग कमी करायचा. आता ती मागून फिरते, आणि फिरायला लागलेली मागची बाजू सांभाळायला कालव्यावर जागा नसते. शिवाय चिखलात एक चाक वर राहिलं की पकड जाते आणि गाडी तिथेच भुंगा होऊन बसते. म्हणून बार टाकून दिलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला मेकॅनिकने हे तोंडाने सांगितलं पाहिजे. बार मालक विकत घेतो, पैसे मालक देतो, पण सांगायचं ड्रायव्हरला, कारण पावसात स्टिअरिंग त्याच्या हातात असतं.

आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट. गाडी डोलते हा त्रास आहे तसा तो इशाराही आहे. अंगावर येणारी गाडी ड्रायव्हरला सांगत असते, बाबा, आता पुरे. बार तो इशारा दाबतो. गुरुत्वमध्य होता तिथेच आहे, फक्त पाठीला कळत नाही. मग काय होतं ते तुम्ही सगळे जाणता. गाडी आता सरळ उभी राहते म्हणून मालक आणखी दहा पोती टाकतो. दहा पोती म्हणजे ४०० किलो. बारने दिलेले तीन किलोमीटर पहिल्याच खेपेला खर्ची पडतात, आणि ब्रेक होता तोच राहतो.

आता हौद्याकडे येऊ, कारण या सगळ्या गणितात मी अजून माणूस भरलेला नाही.

रोपणीच्या दिवसांत सकाळी सहाच्या सुमारास त्या रस्त्यांवर उभे राहा. एका गावच्या बायका दुसऱ्या गावच्या शेतावर निघालेल्या असतात, पिकअपच्या हौद्यात उभ्या. वीस बायका धरा, पन्नास किलोच्या, झाला एक टन. हौद्याचा तळ जमिनीपासून सुमारे ८० सेंटिमीटर, उभ्या माणसाचा मध्य त्याच्यावर जवळजवळ मीटरभर. म्हणजे हे टनभर ओझं १.८ मीटर उंचीवर आहे. एक टन भात पोत्यांनी भरला तर तो याच्या निम्म्या उंचीच्या जरासाच वर राहतो. आणि पोती हलत नाहीत. माणसं वळणाला बाहेरच्या बाजूला झुकतात, एकमेकींना धरतात, कडेच्या फाळक्यावर बसलेल्या बाहेर जातात. गाडी कलायला लागली की सगळं ओझं एका अंगाला धावतं. यावर कुठला बार आहे? कुठलाही नाही. २५ चा नाही आणि ४० चाही नाही.

त्या बाया कोण? हे खेड्यापाड्यांचे तेच शेतमजूर, ज्यांच्या आई-बापांनी मापभर भातासाठी लढे केले. कीळवेण्मणी त्याच प्रदेशात आहे, तेव्हा तंजावर जिल्ह्यात होतं. २५ डिसेंबर १९६८ ला तिथे ४४ दलित माणसं, बहुतेक बायका-मुलं, एका झोपडीत जाळली गेली, आणि मूळ झगडा मजुरीचा होता. एवढी किंमत देऊन मजुरी बोलणीच्या टेबलावर आली. पण शेतावर नेण्या-आणण्याची गाडी कशी असावी, हे आजही कोणी टेबलावर ठेवत नाही. मुकादम गाडी ठरवतो आणि बाया चढतात.

आपल्याकडे वेगळं नाही. मे २०२४ मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत गेली, एकोणीस जीव गेले, बहुतेक बायका. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि हिंगोली जिल्ह्यातल्या सात शेतमजूर बाया मेल्या. गाडी वेगळी, रस्ता वेगळा, हौद्यातली माणसं तीच.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, पण नीट ऐका. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसवलेला प्रवासी हा विम्याच्या दृष्टीने कोणीच नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस यांना विम्यात धरलं. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि २००२ साली तीन न्यायाधीशांनी सांगितलं की मालगाडीतल्या फुकट प्रवाशांसाठी विमा कंपनी बांधील नाही. म्हणजे भरपाईचा बोजा गाडीमालकावर, आणि एका गाडीचा कर्जात बुडालेला मालक काय देणार? बाईच्या घरच्यांच्या हातात निकालाचा कागद येतो आणि वसुली काही होत नाही. गाडीवर हमाल म्हणून खरोखर कामाला असणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पण त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं हवं, नाहीतर तोही 'प्रवासी' ठरवला जातो. म्हणून हमालांची नावं वहीत लिहा, रोजच्या रोज.

जादा मालाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. आता कलम १९४ चे शब्द असे आहेत की जो चालवतो, आणि जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तो दोषी. आणि कलम ११३ च्या चौथ्या पोटकलमात त्याहून महत्त्वाचं आहे: ड्रायव्हर स्वतः मालक नसेल तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १९८८ पासून हे कायद्यात लिहिलेलं आहे. तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? आणि रस्त्यावर पावती कोणाच्या नावाने फाटते? लायसन कोणाचं जातं? हे पोटकलम ड्रायव्हरच्या खिशात असायला हवं, लायसनच्या शेजारी.

गाडीत बदल करण्याबद्दल कलम ५२ आहे. नोंदणी पुस्तकातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या बाबींशी विसंगत बदल चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सक्त भाष्य केलं. बारची जाडी काही पुस्तकात लिहिलेली नसते. वजन मात्र लिहिलेलं असतं. म्हणून बार बसवला तर बिल आणि संचाचा कागद गाडीत ठेवा, आणि जादा पाटे घातलेल्या गाडीने 'आता जास्त वजन चालतं' असं म्हणणाऱ्याला पुस्तकातला आकडा दाखवा.

आता मी काय करावं म्हणतो ते. तंजावरकडच्या ड्रायव्हरांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. त्यांचा पगार खेपेवर आहे. तिकडे खेपेला 'नडै' म्हणतात. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागते, दिवस-दिवस उभं राहावं लागतं, उभं राहण्याचे पैसे नाहीत. म्हणून एका खेपेत जास्त पोती, म्हणजे रांगेत एकदाच उभं राहावं लागेल. हे मालकाच्या लोभापुरतं नाही, ड्रायव्हरच्याही पोटाचं आहे. त्याला नुसतं 'जादा भरू नको' सांगणं सोपं आहे. थांबण्याचा भत्ता मागितल्याशिवाय ते सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात आठ तासांची पाळी होती, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक मालक या धंद्याला तो कधी शिवलाच नाही. म्हणून इथे गाडीवार भांडून चालणार नाही. खरेदी केंद्र, बाजार समिती, साखर कारखाना, जिथे माल उतरतो त्या दारावर ही मागणी घेऊन जावं लागेल: थांबण्याचे पैसे द्या आणि काट्यावर जादा माल दिसला तर तो आत घेऊ नका. काटा तर तिथेच असतो.

दुसरं, मजूर नेण्याचं. हौद्याला वर पाइपची चौकट करून बाया बसवल्या की काही लोक म्हणतात आता सुरक्षित झालं. नाही झालं. बाकं ठोकून मालगाडीची बस होत नाही. शेतमजुरांच्या संघटनेने मजुरीचा दर ठरवताना बसायच्या गाडीचं भाडं वेगळं मागायला हवं, आणि आपल्या ड्रायव्हरांनी त्या मागणीच्या बाजूने उभं राहायला हवं. एकटा ड्रायव्हर 'मी माणसं भरणार नाही' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी मालक दुसरा ड्रायव्हर आणतो. गावातल्या सगळ्या गाड्यांचे ड्रायव्हर म्हणाले तर मालकाला बसची गाडी ठरवावी लागते. ओरत्तनाडूकडच्या एका खेड्यात ड्रायव्हरांनी रोपणीच्या हंगामापुरतं एवढंच ठरवलं होतं की फाळक्यावर कोणी बसायचं नाही आणि बारापेक्षा जास्त बाया घ्यायच्या नाहीत. कायद्यात हेही बसत नाही आणि मी त्याला पुरेसं म्हणत नाही. पण दोन खेपा कराव्या लागल्या म्हणून दुसऱ्या खेपेचं डिझेल मुकादमाकडून वसूल झालं, हे मी पाहिलं.

मेकॅनिकांना एक काम. बार बसवायला गाडी आली की जॉब कार्डावर तीन ओळी लिहा: नोंदणी पुस्तकातलं वजन, गाडी कशासाठी वापरतात, आणि 'बारने भारक्षमता वाढत नाही हे चालकास व मालकास सांगितले'. खाली दोघांच्या सह्या. उद्या अपघात झाला तर पहिला बोट दाखवला जातो तो गॅरेजकडे, कारण गाडीला बाहेरचा दांडा दिसतो. सही असेल तर मेकॅनिकही वाचतो आणि ड्रायव्हरही. मालक सही करायला कां-कूं करेल. तेव्हा समजायचं त्याला आणखी पोती टाकायची आहेत, आणि अशा गाडीला बार बसवायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मी बसवत नाही.

बाहेर अंगणात एक पिकअप उभी केली आहे, संचही आणला आहे. चहानंतर पाच-पाच जण या, स्टँड कसे लावायचे तिथपासून सुरुवात करू. ज्यांना ११३ व्या कलमाचा मराठी मजकूर उतरवून घ्यायचा आहे त्यांनी वही घेऊन या.